नदीचे मुद्दल

मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत ‘इंडियन सॅमन’ या भारदस्त नावाने जो मासा ताटात येतो, तो आपला रावस. चवीला उत्तम आणि मानाने मोठा; परंतु खऱ्या सॅमनच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. खरा सॅमन थंड प्रदेशातला. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि आयुष्याच्या अखेरीस पुन्हा आपल्याच नदीत परततो. हे सारे मी पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास आला आणि तोही माझ्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांमुळे.

माझे थोरले बंधू गेली पंधरा वर्षे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातील सिएटल शहराजवळ राहतात. त्यांनी पुतण्याला दूरध्वनीवरून शब्द देऊन ठेवला होता, “तू ये, आपण नदीवर सॅमन पकडायला जाऊ.” दिलेल्या शब्दाचे स्मरण ठेवण्याच्या बाबतीत लहान मुलांची वसुली आमच्या बँकेच्या वसुलीपेक्षा कडक असते. रजा प्रवास सवलतीत परदेश बसत नाही, हे सहकारी वाचकांना सांगणे नलगे. तिकिटांचा भार दादांनीच उचलला आणि आम्ही तिघे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे पोहोचलो.

पुढचे सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. आमचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यात. घरामागून एक लहानसा व्हाळ वाहतो आणि पुढे कर्ली नदीला मिळतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस कोसळला, की व्हाळाचे गढूळ पाणी भातखाचरांत शिरते आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने मासे वर चढू लागतात. अंडी घालण्यासाठी उथळ पाणी शोधत निघालेले हे चढणीचे मासे. दादा आणि मी हातात बॅटरी व टोपली घेऊन आजोबांच्या मागोमाग चिखल तुडवीत जात असू. मासे गाभोळीने टच्च भरलेले असत. त्या रात्री घरात सणासारखा आनंद असे. परंतु आजोबांची एक विचित्र सवय होती. टोपली भरत आली, की चांगले दोन-चार मोठे मासे उचलून ते पुन्हा पाण्यात सोडून देत. आम्ही हिरमुसून कारण विचारले, तर एवढेच म्हणत, “रवांदे. फुडच्या वर्साक नको?” आम्हां मुलांना तो शुद्ध वेडेपणा वाटे.

शनिवार, २६ ऑक्टोबर. पहाटे पाच वाजता आम्ही निघालो. दादांनी निवडलेली नदी काउलिट्झ. तेथील मूळ रहिवासी असलेल्या काउलिट्झ जमातीचेच नाव या नदीला मिळाले आहे. रेनिअर या ४,३९२ मीटर उंचीच्या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या परिसरात उगम पावून ती कोलंबिया या महानदीला मिळते आणि कोलंबिया प्रशांत महासागराला. गाडीत चिरंजीवांच्या प्रश्नांना खंड नव्हता. समुद्रातून परतणाऱ्या माशाला आपली नदी सापडते कशी, या प्रश्नापाशी मी थांबलो. उत्तर दादांनी दिले.

हे कोडे शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ पडलेले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅसलर आणि वॉरेन विस्बी यांनी १९५१ साली असे प्रतिपादन केले, की मासा आपला ओढा ओळखतो तो वासावरून. त्या त्या परिसरातील माती आणि झाडपाला यांमुळे प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला स्वतःचा गंध असतो आणि पिल्लू असतानाच तो माशाच्या स्मरणात ठसतो. सिएटलजवळच्याच इसाक्वा ओढ्यावर त्यांनी परतणारे कोहो सॅमन पकडले, काहींच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले आणि सर्वांना दुफाट्याच्या खाली नेऊन सोडले. ज्यांची नाके मोकळी होती, ते बहुतांशी आपापल्या फाट्यात परतले. ज्यांची बंद होती, ते वाट चुकले. हे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. “म्हणजे आपल्याला आजीच्या घराचा वास येतो तसे,” चिरंजीव म्हणाले. दादांनी समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता मान डोलावली. पंधरा वर्षे परदेशात राहिलेल्या माणसाला त्या वाक्यात काय ऐकू आले असेल, हे मी विचारले नाही.

उजाडता उजाडता आम्ही ब्लू क्रीक नावाच्या ठिकाणी नदीकाठी उतरलो. हवेत बोचरी थंडी होती. पाण्यावर धुक्याचा पातळ थर आणि दोन्ही तीरांवर काळसर हिरवे सूचिपर्णी वृक्ष. काठावर आमच्या आधीच पंधरा-वीस मंडळी उभी होती. आजोबा-नातू, नवरा-बायको, एकटेदुकटे वृद्ध. सारे मुकाट्याने पाण्याकडे पाहत होते. आपल्याकडे पहाटे देवळाच्या घाटावर जी शांतता असते, तशीच काहीशी ती होती.

प्रथम कागदपत्रे! दादांकडे मासेमारीचा वार्षिक परवाना होता. पंधरा वर्षे व त्याखालील मुलांना तेथे परवाना लागत नाही. परंतु सॅमन धरायचा असेल, तर प्रत्येकाला स्वतःचे नोंदपत्रक बाळगावेच लागते. मासा ठेवून घ्यायचा ठरला, की त्याच क्षणी तारीख, नदी व माशाचा प्रकार शाईने लिहायचा. घरी जाऊन लिहू, ही सबब चालत नाही. चिरंजीवांनी आपल्या नावाचे पत्रक एखाद्या नव्या पासबुकासारखे छातीशी धरले. माझ्याकडे परवाना नव्हता. त्यामुळे माझी भूमिका प्रेक्षकाची आणि चहाच्या थर्मासची राखण करण्याची होती.

आमचे लक्ष्य होते कोहो. प्रशांत महासागरातील सॅमनच्या जातींपैकी हा एक. मादी नदीच्या तळाच्या बारीक खड्यांत शेपटीने खळगा करून सुमारे अडीच-तीन हजार अंडी घालते. पिल्ले साधारण वर्षभर नदीत वाढतात, मग समुद्रात उतरतात. दीड वर्ष तेथे खाऊन-पिऊन तीन-चार किलोचे होतात आणि वयाच्या तिसऱ्या वर्षी परत फिरतात. नदीत शिरल्यावर त्यांचे खाणे जवळजवळ थांबते. साठवलेल्या चरबीच्या बळावर प्रवाहाविरुद्ध चढायचे, अंडी घालायची आणि मरून जायचे, एवढेच त्यांचे उरलेले काम. मेलेले मासेही वाया जात नाहीत. अस्वले, गरुड, किडे आणि काठावरची झाडे त्यांच्यावर पोसली जातात. समुद्रातून आलेला नत्र तेथील वृक्षांच्या लाकडात सापडतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे.

दादांनी गळाला आमिष लावले ते सॅमनच्याच मिठात मुरवलेल्या गाभोळीचे. त्याच्या वर दोरीला पाण्यावर तरंगणारी लाल गोळी. ती गोळी प्रवाहाबरोबर वाहत जाऊ द्यायची आणि बुडाली की काठी उचलायची. सांगायला सोपे! पहिल्या तासात चिरंजीवांनी दोन गळ खडकांत अडकवून तोडले आणि एकदा काकांची टोपीच गळाला लावली. दादांनी दर वेळी नव्याने गाठ बांधून दिली. कपाळावर आठी नाही की शब्दात धार नाही. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी हसून आपल्या पेटीतली एक नवी लाल गोळी मुलाच्या हातावर ठेवली.

साडेनऊच्या सुमारास ती गोळी बुडाली.

काठी कमानीसारखी वाकली, रिळातून दोरी सुसाट सुटू लागली आणि मुलाच्या तोंडून शब्द फुटेना. दादा त्याच्या मागे उभे राहिले. पण त्यांनी काठीला हात लावला नाही. “ओढू नकोस. तो पळतो तेव्हा पळू दे. थांबला की दोरी गुंडाळ.” मासा एकदा पाण्याबाहेर उसळला आणि त्याची चंदेरी कूस क्षणभर चमकली. काठावरच्या लोकांनी न सांगता आपापल्या दोऱ्या आवरून त्याला जागा करून दिली. सात-आठ मिनिटे हे चालले असावे; मला तो तास वाटला. मुलाचे दंड थरथरत होते, ओठ घट्ट मिटलेले होते. अखेर मासा काठाशी आला. दादा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी रबरी जाळे त्याच्याखाली सरकवले. हातभर लांबीचा देखणा कोहो होता.

मी भ्रमणध्वनी काढून छायाचित्राच्या तयारीत पुढे झालो. दादांनी मात्र जाळे पाण्यातच ठेवले आणि माशाच्या पाठीकडे निरखून पाहिले. मग शांतपणे म्हणाले, “याचा लहान पर शाबूत आहे. हा रानचा मासा. सोडावा लागेल.”

येथे थोडा खुलासा हवा. सॅमनच्या पाठीवरील मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रांत वाढवलेल्या पिल्लांचा हा पर नदीत सोडण्यापूर्वीच कापून टाकतात. ज्याचा पर कापलेला, तो केंद्रातला. त्याला घरी नेण्यास मुभा आहे. ज्याचा पर शाबूत, तो नदीतच जन्मलेला. काउलिट्झवर तो सोडून द्यावा लागतो. एवढेच नव्हे, तर जो सॅमन ठेवता येत नाही, त्याला पाण्याबाहेर पूर्ण उचलणेही त्या राज्यातील नद्यांवर नियमबाह्य आहे. म्हणजे मासा हातात धरून छायाचित्रसुद्धा नाही. आम्ही बँकेत धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहतो. येथे त्या एका परावर सारा निर्णय होता.

मुलाचे डोळे भरून आले. “पण मी पकडला ना! मी एकट्याने पकडला!” मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाला, “बाबा, इथे कोणी बघत नाहीये. एक फोटो तरी.”

वाचकहो, खरे सांगायचे तर त्या क्षणी माझे मनही डळमळले. त्या काठावर त्या वेळी कोणी सरकारी माणूस नव्हता. हजारो मैलांवरून आलेला मुलगा, आयुष्यातला पहिला मासा, एक छायाचित्र. त्याने कोणती नदी आटणार होती? ‘एवढ्याने काय होते’ हे वाक्य मी शाखेत काउंटरच्या पलीकडून अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी नम्रपणे नाकारले आहे. आज तेच वाक्य माझ्याच ओठांवर आले होते. मी दादांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते मुलाला म्हणाले, “ये, पाण्यात ये. सोडायचाही तूच.”

चिरंजीव गमबुटांसह पाण्यात उतरले. दादांनी पकडीने गळ अलगद काढला. मुलाचे हात पाण्यात भिजवून घेतले, एक हात माशाच्या शेपटीपाशी आणि दुसरा पोटाखाली ठेवायला लावला. माशाचे तोंड प्रवाहाकडे. “धरून ठेवू नकोस, नुसता आधार दे. दमला आहे तो, तुझ्यासारखाच.” माशाचे कल्ले उघडत-मिटत होते. थोडा वेळ काहीच घडले नाही. मग त्याच्या अंगात एकदम जोर आला, शेपटीचा एक फटका बसला, मुलाच्या तोंडावर गार पाणी उडाले आणि हात रिकामे झाले. मासा वरच्या दिशेने गेला होता.

चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. सौ.ने त्यांना कोरडे मोजे दिले, मी थर्मासमधले दूध दिले. काही वेळाने दादांना एक कोहो लागला; त्याचा पर कापलेला होता. तो ठेवून घेण्यात आला. दादांच्या नोंदपत्रकावर नोंद मुलाने केली, परंतु उत्साह नव्हता. स्वतःचे कोरे पत्रक त्याने घडी घालून खिशात ठेवले.

परतण्यापूर्वी दादा आम्हांला थोडे वर, बॅरिअर डॅमपाशी असलेल्या मत्स्यबीज केंद्राकडे घेऊन गेले. या नदीवर १९६३ साली मेफील्ड आणि १९६८ साली मॉसीरॉक ही धरणे झाली. मॉसीरॉकची उंची सुमारे १८५ मीटर. टॅकोमा शहराला त्यांतून वीज मिळते; परंतु एवढी भिंत कोणता मासा चढणार? धरणांनी हिरावलेल्या माशांची भरपाई म्हणून ही केंद्रे उभी राहिली. वर चढू पाहणारे मासे येथे अडवून पायऱ्यापायऱ्यांच्या पाटातून आत घेतले जातात. केंद्रातल्या माशांपासून पुढची पैदास होते. रानच्या कोहोंना पाण्याच्या टाक्या असलेल्या मालमोटारींतून धरणांच्या वर नेऊन नदीच्या वरच्या भागात सोडतात, जेणेकरून ते तेथे अंडी घालतील. माशांना मालमोटारीतून माहेरी पोहोचविणारी ही व्यवस्था पाहून चिरंजीवांचे मौन सुटले. “माझा मासा पण गाडीत बसेल?” “इथवर आला तर नक्की,” दादा म्हणाले.

परतीच्या वाटेवर मला दादांशी वाद घालावासा वाटला. केंद्रात लक्षावधी पिल्ले तयार होतात, मग एका रानच्या माशाचे एवढे कौतुक का? दादा हसले. “तू बँकेतला माणूस. मुद्दल आणि व्याज तुला मी शिकवावे?” त्यांचे म्हणणे असे. केंद्रातला मासा माणसाच्या हाताखाली, सुरक्षित टाक्यांत वाढतो. पूर, दुष्काळ, रोग आणि शत्रू यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंड देऊन नदीने जे गुण निवडले, ते रानच्या माशाच्या अंगी असतात. केंद्राची पैदाससुद्धा मुळात त्याच रक्तावर उभी आहे. कोलंबियाच्या खालच्या खोऱ्यातला कोहो २००५ पासून अमेरिकेच्या कायद्यानुसार संकटग्रस्त गणला जातो. एका मादीच्या अडीच-तीन हजार अंड्यांतून सरासरी दोन मासे परतले, तरच पिढी टिकते. दोनांतला एक आपण घरी नेला, तर हिशेब मांडायला सनदी लेखापाल लागत नाही.

आपल्याकडचे उदाहरणही मला आठवले. बंगाल्यांचा लाडका हिल्सा हाही समुद्रातून नदीत चढणारा मासा. एके काळी तो गंगेतून पार अलाहाबादपर्यंत जात असे. १९७५ साली फरक्का बराज कार्यान्वित झाला आणि वरच्या गंगेत तो जवळजवळ दिसेनासा झाला. मुद्दल एकदा गेले, की व्याजाची आठवण तेवढी उरते.

त्या रात्री वहिनींनी दादांच्या कोहोचे तुकडे आगळ, मालवणी मसाला आणि तांदळाचे पीठ लावून तळले. गुलाबी मासा कोकमाच्या रंगात आणखी खुलला. जेवताना दादा आणि मला एकाच वेळी आजोबा आठवले. मग चढणीचे मासे, चिखल, बॅटरी आणि ‘रवांदे’ हे सारे आम्ही मुलाला सांगितले. आजोबांकडे नियमपुस्तिका नव्हती, परवाना नव्हता, पर कापलेले मासेही नव्हते. पाहणारे तर कोणीच नव्हते. तरीही ते दोन-चार मासे सोडत आणि तेही मोठे. जो वेडेपणा वाटला होता, तो हिशेब होता, हे समजायला मला अडतीस वर्षे आणि एक परदेशवारी लागली.

२०२५ मध्ये पाऊस फार लवकर आला. मे महिन्याच्या अखेरीसच कोकणात धो धो कोसळू लागला. मुलाची सुट्टी होती, आम्ही गावीच होतो. रात्री व्हाळाचा आवाज वाढला, तशी मी टोपली काढली. चढणीचे मासे आता आमच्या लहानपणाइतके दिसत नाहीत; पण आले होते. खाचराच्या कडेला बॅटरीच्या उजेडात एक मोठी, पोट फुगलेली मादी मुलाच्या हाती लागली. त्याने तिची पाठ उजेडात फिरवून पाहिली.

“बाबा, यांच्यावर खूण कुठे असते?”

“इथे खूण नसते रे. इथले सगळेच रानचे.”

तो क्षणभर थांबला. मग वाकून, दोन्ही हात पाण्यात बुडवून, तिचे तोंड प्रवाहाकडे केले आणि हात सैल सोडले. ती गढूळ पाण्यात दिसेनाशी झाल्यावरही तो तसाच वाकून उभा होता.

घरी आलो तेव्हा आईने टोपलीत डोकावून विचारले, “एवढेच?”

“बाकीचे पुढच्या वर्षाचे आहेत, आजी,” चिरंजीव म्हणाले आणि पाय धुवायला निघून गेले.